खोली द्यायची आहे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत भाड्यानं खोली शोधायची असेल, तर पाटी शोधत फिरू नका. महाद्वार रोडवर दुकानांच्या पाट्यांमधून आभाळ दिसत नाही, पण तिथून पेठेत आत वळलं की 'खोली भाड्याने देणे आहे' असं लिहिलेला पुठ्ठा क्वचितच दिसतो. म्हणून खोल्या नाहीत असं समजू नका. त्या दूधवाल्याला माहीत असतात, इस्त्रीवाल्याला माहीत असतात. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला तर खोली मोकळी होणार हे मालकाच्याही आधी कळतं, कारण जाणारा भाडेकरू पहिल्यांदा त्याची उधारी चुकती करायला येतो.

शिवाजी पेठ म्हणजे जुन्या कोल्हापूरचा ए वॉर्ड. एका अंगाला अंबाबाईचं देऊळ आणि महाद्वार रोडचा बाजार, दुसऱ्या अंगाला रंकाळा. मध्ये निवृत्ती चौकातला अर्धा शिवाजी पुतळा, उभा मारुती, फिरंगाई, साकोली कॉर्नर, तालमी आणि गल्ल्या. रस्त्याला लागून असलेल्या घरांची ठेवण ठरलेली. खाली दुकानाचा गाळा, मधल्या मजल्यावर मालक, वर भाडेकरू. कुठं जुनं कौलारू घर, कुठं तेच पाडून उभं केलेलं तीन-चार मजली अपार्टमेंट. भावाभावांत वाटण्या झाल्या की घराचा एक सोपा एकाकडं, माडी दुसऱ्याकडं जाते, आणि ज्याच्याकडं माडी येते तो भाडेकरू शोधतो. निदान शोधायला हवा.

इथं खोली मागणारे कोण? महाद्वार रोडवरच्या साड्यांच्या दुकानात काम करणारी मुलं, गुजरीतले कारागीर, बदली होऊन आलेले कारकून, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे विद्यार्थी आणि दवाखान्यांतल्या परिचारिका. फुलेवाडीला, कळंब्याला, पाचगावला यापेक्षा मोठी जागा कमी भाड्यात मिळते, हे खरं आहे. पण मग गाडी हवी, पेट्रोल हवं, आणि रात्री दहाला सुटलेल्या मुलीला एवढ्या लांब जायचं म्हणजे घरच्यांच्या जिवाला घोर. पेठेत सगळं पायाखालचं. भाजी, दवाखाना, देऊळ, बँक चालत. संध्याकाळी गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस समोर उभी असते, पितळेच्या भांड्यात धार काढतात आणि फेसासकट ग्लास हातात देतात. हे सुख भाड्याच्या हिशोबात कुठं धरायचं, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

गेल्या जूनमध्ये माझ्या मैत्रिणीची मुलगी चंदगड तालुक्यातून इथं आली. एका दवाखान्यात परिचारिका म्हणून लागली होती. मी पेठेत जन्म काढलेली, शाळेत शिकवलेलं, त्यामुळं निम्मी पेठ मला 'बाई' म्हणते. मुलगी मला मावशी म्हणते. दोन दिवस आम्ही दोघी फिरलो आणि पाच जागा बघितल्या.

पहिली जागा जुन्या घराची माडी. मालकीणबाई सत्तरीच्या. जिना इतका उभा की वर जाताना पुढच्या पायरीला हात टेकावा लागला. "या की वर, मी दाखवतो," म्हणाल्या. परगावच्या श्रोत्यांसाठी सांगायला हवं, आमच्याकडच्या बायका 'मी येतो, मी करतो' असंच म्हणतात. रेडिओवर बोलायचं म्हणून मी जरा सांभाळून 'करते' म्हणतेय. माडी छान होती. कडीपाटाचं छत, भिंतीत दोन कोनाडे, दारात उभं राहिलं की देवळाचं शिखर. पण मुलीनं जे बघितलं ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. ती छताकडं न बघता भिंतीच्या वरच्या कडेला बघत होती. तिथं पिवळसर ओघळ होते. "मावशी, गळतंय हे," ती हळूच म्हणाली. चंदगडच्या पावसात वाढलेली मुलगी. तिला कौल कुठं सरकलंय हे भिंतीवरनं कळतं.

जुन्या घरात जागा बघायची असेल तर एक मोठा पाऊस झाल्यावर जा. उन्हाळ्यात सगळीच घरं कोरडी असतात. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक इमारतींना नोटिसा काढते आणि तीस वर्षांवरच्या इमारतींची तपासणी अभियंत्याकडून करून घ्यावी, असं कायदा सांगतो. तुमच्या होऊ घातलेल्या घराला अशी नोटीस आली आहे का, हे विचारण्यात संकोच नको. आणि पंचगंगेच्या बाजूला जागा बघणार असाल तर 2005, 2019 आणि 2021 या तीन सालांत पाणी कुठवर आलं होतं ते विचारा. शिवाजी पेठेचा बराचसा भाग उंचावर आहे, पण सगळा नाही. गांधी मैदानाचंच बघा. तिथं पूर्वी वरुणतीर्थ नावाचं तळं होतं. तळं बुजवलं तरी पावसाला जुना पत्ता आठवतो, आणि मैदानात दर वर्षी पाणी साचतं.

पिण्याच्या पाण्याची चौकशी ही वेगळी विद्या आहे. 'पाणी आहे का' असं विचारलं तर सगळे 'आहे की' म्हणतात. विचारायचं असं: नळाला पाणी किती वाजता सुटतं, किती वेळ असतं, वर चढतं का मोटर लावावी लागते, मोटरचं बिल कुणाचं, टाकी एकट्याची की सगळ्यांची? काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइननं 2023 च्या दिवाळीत शहरात पाणी आलं, त्याचा केवढा आनंद झाला होता! पण पाणी शहरात येणं निराळं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या मोरीत येणं निराळं. दुसरी जागा आम्ही बघितली ती अपार्टमेंटमधली. लख्ख फरशी, खिडक्यांना जाळ्या, स्वयंपाकाचा ओटा. नळ सोडला तर फक्त हवेचा आवाज. "मोटर जळलीय, सोसायटीची मीटिंग झाली की दुरुस्त होईल," असं उत्तर मिळालं. मीटिंग कधी आहे, हे मात्र कुणाला सांगता येईना.

गोंगाटाबद्दल मी कुणाला घाबरवणार नाही. गणपतीत, शिवजयंतीला आणि फुटबॉलच्या मोसमात पेठ झोपत नाही, एवढंच सांगते. शिवाजी तरुण मंडळाचा सामना असेल त्या दिवशी घरमालकाशी भाड्याची बोलणी करायला जाऊ नका. जिंकलं तरी तो घरी नसतो आणि हरलं तर भेटण्यात अर्थ नसतो.

आता तिसरी जागा. या जागेसाठीच खरं तर मी आज बोलायला बसले आहे. एका गल्लीत दुमजली घर, वरच्या दोन खोल्यांना कुलूप. दुकानदार म्हणाला होता, पाच-सहा वर्षं मोकळ्याच आहेत. घरमालक आण्णा सोप्यात बसले होते. चहा दिला, गावाकडची चौकशी केली, आणि मग म्हणाले, "बाई, तुमच्या शब्दाबाहेर न्हाई मी. पण खोली द्यायची न्हाई. कुलूप बरं. उद्या कूळ लागलं तर काय करू?"

कूळ! हा शब्द आमच्याकडं घराघरात आहे आणि तो शेतातून घरात आलाय. 1948 च्या कूळकायद्यानं आणि 1 एप्रिल 1957 या कृषक दिनानं कसणाऱ्याला जमिनीचा मालक होण्याचा हक्क दिला. पेठेतल्या कितीतरी घरांच्या जमिनी खेड्यांवर होत्या. कुणाच्या गेल्या, कुणाला मिळाल्या. कसणाऱ्याला मिळाली हे योग्यच झालं असं माझं मत आहे, पण ज्यांची गेली त्यांच्या घरात एक धास्ती पिढ्यान्‌पिढ्या राहिली. त्यात घरांचा कायदा मिसळला. 1947 चा मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा. संस्थान 1949 मध्ये विलीन झाल्यावर तो आपल्याकडंही आला. 1940 साली जे भाडं असेल ते, किंवा त्यानंतर पहिल्यांदा जागा दिली तेव्हाचं जे असेल ते, तेच प्रमाण धरायचं, असा त्याचा गाभा. युद्धानंतरच्या टंचाईत गोरगरिबांना छप्पर टिकवून देणारा तो कायदा होता. पण वर्षं गेली, मीठ-मिरची महागली आणि भाडं जागच्या जागी राहिलं. कौलं बदलायला लागणारे पैसे वर्षभराच्या भाड्यातून निघेनात. मग मालकांनी 'भाडं' हा शब्द टाळून 'परवानगीनं राहतो' असं लिहून घ्यायला सुरुवात केली. तर 1 फेब्रुवारी 1973 रोजी अशा परवानगीवर राहत असलेल्यांनाही कायद्यानं भाडेकरूचं संरक्षण दिलं. आण्णांच्या वडिलांच्या डोक्यात जे बसलं ते असं बसलं, आणि ते आण्णांकडं वारसाहक्कानं आलं. घराबरोबर.

शेतजमिनीचं कूळ घराला लागत नाही, हे आधी लक्षात घ्यावं. आणि घरांचा जुना कायदाही आता नाही. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, 1999 लागू आहे. त्यात 'लिव्ह अँड लायसन्स', म्हणजे ठरावीक मुदतीसाठी राहण्याची परवानगी, याची वेगळी वाट आहे. मुदत संपली की जागा सोडायची. नाही सोडली तर मालकानं सक्षम प्राधिकाऱ्याकडं अर्ज करायचा, आणि मुदतीनंतर जितके दिवस अडून राहाल तितक्या दिवसांचं दुप्पट भाडं द्यावं लागतं. म्हणजे आण्णांना ज्याची भीती वाटते, त्यावर कायद्यानंच औषध दिलेलं आहे. पण ते औषध पोटात जायचं तर करार लेखी हवा आणि नोंदणी केलेला हवा. अकरा महिन्यांचा असला तरीसुद्धा.

इथं पेठेची सगळ्यात मोठी गैरसमजूत आहे. 'अकरा महिन्यांचा करार, शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी केली की झालं' असं सगळे सांगतात. हे अकरा महिने आले कुठून? 1908 च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाच्या वरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, म्हणून लोक अकरावर थांबले. पण महाराष्ट्राच्या 1999 च्या कायद्यानं मुदत कितीही असो, नोंदणी सक्तीची केली. ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे, भाडेकरूची नाही. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि खरी गंमत पुढं आहे. नोंदणी नसेल आणि वाद उभा राहिला, तर काय ठरलं होतं याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरायचं. ते खोटं आहे हे मालकानं सिद्ध करायचं. म्हणजे खर्च वाचवायला नोंदणी टाळणारा मालक आपल्या हातानं स्वतःची बाजू दुबळी करून घेतो.

आणि खर्च तरी किती? समजा, दरमहा भाडं 8,000, अनामत 30,000, मुदत अकरा महिने. भाड्याचे झाले 88,000. अनामतीवर दहा टक्क्यांनी अकरा महिन्यांचं व्याज धरायचं, ते 2,750. दोन्हींच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास. शहरात नोंदणी फी हजार रुपये. वरती दाखल करून देणाऱ्या माणसाची मजुरी. आता हे ऑनलाइन होतं; तो माणूस लॅपटॉप घेऊन घरी येतो, दोघांचा फोटो, अंगठा, दोन साक्षीदार, संपलं. आण्णांच्या दोन खोल्यांना सहा वर्षं कुलूप आहे. त्या सहा वर्षांच्या भाड्याचा हिशोब मी त्यांच्यासमोर केला नाही. चहा प्यायलेल्या घरात असलं करू नये.

आण्णांनी खोली दिली नाही. पण खरं सांगू, त्यांचा राग आला नाही. त्यांनी कारण सांगितलं. कारण सांगितलं की बोलता येतं.

चौथ्या ठिकाणी कारण सांगितलं नाही. जागा चांगली होती, पाणी होतं, बाई बोलायला गोड. स्वयंपाकघरात कुठं काय ठेवता येईल इथवर गोष्टी आल्या. "मटण-मासे केलं तर चालतंय हं आमच्यात," असंही आपणहून म्हणाल्या. शिवाजी पेठेत त्यावरनं सहसा कुणी अडत नाही. मग विचारलं, "आडनाव काय ग तुझं?" मुलीनं सांगितलं. बाईंचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. "ह्यांना विचारून फोन करतो हं बाळा." नंबर मात्र घेतला नाही.

जिन्यावरनं उतरताना मुलगी म्हणाली, "चालायचंच मावशी. कॉलेजला असताना पण तीन घरं अशीच गेली." मला उत्तर सुचलं नाही. दलित आणि मुस्लिम घरांतल्या माणसांना या शहरात, आणि कुठल्याही शहरात, खोली बघताना हा प्रश्न कुठल्या क्षणी येणार हे आधी कळतं. ती माणसं जागा बघत नसतात, समोरच्याचा चेहरा बघत असतात. कुणी कागदावर कारण लिहीत नाही, म्हणून कुठं तक्रारही करता येत नाही.

आणि हे कुठं? कोल्हापुरात! खेड्यातनं शिकायला आलेल्या मुलांना या शहरात राहायला जागा मिळत नव्हती, जेवायला पंगत मिळत नव्हती, म्हणून शाहू महाराजांनी वसतिगृहं काढायला लावली. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग, 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग, 1908 मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. अशी एकामागून एक इतकी झाली की कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणू लागले. त्याचा आम्हाला अभिमान आहे, दर 26 जूनला आम्ही दसरा चौकात हार घालतो. पण वसतिगृहं का काढावी लागली, हे आठवा. शहरातल्या घरांची दारं उघडली नाहीत म्हणून. राजानं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बोर्डिंगं बांधून प्रश्न वळसा घालून सोडवला. घरांच्या दारांचं काम त्यानं आपल्याकडं सोपवलेलं होतं.

माझं मालकांना सांगणं एवढंच, चौकशी जरूर करा. नोकरी कुठं, पगार किती, सोबत कोण राहणार, आधीच्या घरमालकाचा नंबर द्या, हे सगळं विचारा. ओळखपत्र घ्या. भाडेकरूची माहिती जुना राजवाडा पोलीस ठाण्यात द्या. भाडं वेळेवर येईल का, जागा नीट ठेवेल का, मुदतीत सोडेल का, हे तीनच प्रश्न मालकाचे असतात, आणि आडनावात या तिन्हींपैकी एकाचंही उत्तर नसतं.

पाचवी जागा संध्यामठाच्या बाजूला मिळाली. एक खोली, स्वयंपाकाला आडोसा, न्हाणी-संडास वेगळा, रंकाळ्यावरनं वारा. मालकीणबाई विधवा, शिवणकाम करतात. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "रात्रपाळी असती का?" मुलगी म्हणाली, महिन्यातनं दहा दिवस. "मग दाराची एक किल्ली तुझ्याकडं ठीव. मला झोपेतनं उठायला जमत न्हाई." दुसरा प्रश्न डिपॉझिटचा. तिसरा प्रश्नच नव्हता.

करार करताना मात्र अडलं. घर सासऱ्यांच्या नावावर, सासरे जाऊन वीस वर्षं झालेली, प्रॉपर्टी कार्डावर वारसांची नोंदच नाही. घरफाळ्याची पावतीही सासऱ्यांच्या नावानं. पेठेत अशी घरं मोजायला बसलं तर दिवस पुरणार नाही. दोन दिरांची संमती लागली. एक इथंच, एक पुण्याला. पुण्याचे यायला दहा दिवस गेले आणि ते दहा दिवस मुलगी माझ्याकडं राहिली. भाडेकरूंनी हे आधीच बघावं. जो पैसे घेतोय त्याला जागा द्यायचा अधिकार आहे का? प्रॉपर्टी कार्ड, घरफाळ्याची पावती आणि लाइट बिल ही तीन कागदं मागायची. मागितली म्हणून कुणी रागावलं तर ती जागा तशीही घेऊ नये.

त्या निमित्तानं बाईंनी वारसनोंदीचा अर्जही देऊन टाकला. वीस वर्षं राहिलेलं काम. दीर म्हणाले, "बरं झालं वैनी, नाहीतर आपल्या पोरांनी निस्तरलं असतं."

पहिल्या महिन्याचं भाडं मुलीनं मोबाइलवरनं पाठवलं. तरी बाईंनी दुरेघी वहीच्या पानावर पावती लिहून तिच्या हातात दिली. रक्कम अक्षरात, खाली सही, आणि एका कोपऱ्यात लाइटच्या सबमीटरचा आकडा. पावती देणं मालकावर कायद्यानं बंधनकारक आहे, हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं.